उत्तराला लागणारा वेळ

परळच्या आमच्या लॅबमध्ये सकाळचं पहिलं काम असतं मशीनला कंट्रोल दाखवण्याचं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सॅम्पल. त्यात साखर शंभर आहे हे आपल्याला माहीत असतं. मशीननंही शंभरच्या आसपासच सांगितलं, तर पेशंटचं रक्त त्याच्यापुढे ठेवायचं, नाहीतर नाही. हे मला राकेशनं शिकवलं. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी होतो, तो डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून नऊ वर्षं तिथेच काम करत होता, आणि मला काहीच येत नाही हे त्यानं पहिल्या महिन्यात कुणालाही कळू दिलं नाही.

राकेश एकोणतीस वर्षांचा. घोडपदेवला चाळीत आईबरोबर राहतो. त्याचं लग्न जमत नव्हतं, म्हणजे त्याच्या मते मुलींशी बोलणंच जमत नव्हतं. एकीनं दोन महिन्यांनी आणि दुसरीनं पाच महिन्यांनी त्याला सांगितलं होतं की तू फार चांगला आहेस. “चांगला आहेस म्हणाली की समजायचं, रिपोर्ट निगेटिव्ह,” असं तो चहा पिताना सांगायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा.

प्रिती त्याला भेटली सहा डिसेंबरला. त्या दिवशी शिवाजी पार्कात बीपी तपासायच्या स्टॉलवर राकेश दर वर्षी असतो. प्रिती लालबागहून आईला घेऊन आली होती. आईचं बीपी फार वर होतं. राकेशनं त्यांना तासभर सावलीत बसवलं, पाणी दिलं, तीनदा मोजलं आणि तीनही आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. जाताना प्रितीनं आपणहून नंबर मागितला. पुन्हा वाढलं तर विचारायला, असं ती म्हणाली. पण आठवड्याभरात बीपी सोडून बाकी सगळ्यावर बोलणं सुरू झालं.

तेव्हापासून राकेश घाबरला होता. यापूर्वी कुणी हरवली तर त्याला वाईट वाटायचं. ही हरवली तर काय, हा विचारच त्याला करवत नव्हता. मोबाइलवर एक सर होते, पुरुषांना बायकांशी कसं वागावं हे शिकवणारे. त्यांचे एकवीस नियम राकेशनं फोनमध्ये उतरवून घेतले होते. तिनं दहा मिनिटांनी उत्तर दिलं तर आपण वीस मिनिटांनी द्यायचं. तिनं मोठं लिहिलं तर आपण दोन शब्दांत आटपायचं. बोलणं नेहमी आपण आधी थांबवायचं. भेटायला बोलावलं तर त्याच दिवशी जायचं नाही, पुढचा दिवस द्यायचा. सर एका गाडीत बसून हे सगळं सांगत आणि गाडी कधी सुरू करत नसत.

मला ते हास्यास्पद वाटलं. तसं मी म्हणालो. राकेश म्हणाला, “तू कधी कुणाला मेसेज केलायस का? दोन लाख लोक बघतात, सगळे येडे?”

मी म्हणालो, दोन लाख लोक बघतात यावरून एवढंच कळतं की दोन लाख लोक बघतात. खरं काय ते पाहायचं असेल तर तपासून बघू. मला मनापासून वाटत होतं की तपासलं तर नियम खोटे ठरतील आणि राकेश सुटेल.

पद्धत मीच आखली. बारा आठवडे. दर रविवारी संध्याकाळी मी नाणं उडवायचं आणि त्याला कळवायचं. छापा आला तर तो आठवडा नियमांचा, काटा आला तर मनाचा. मनाच्या आठवड्यात राकेशनं त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तसं लिहायचं. मी एका तक्त्यात तिच्या मेसेजची संख्या आणि तिच्या उत्तराला लागलेला वेळ लिहायचा. जितक्या लवकर उत्तर, तितकी ओढ जास्त, असं आम्ही धरून चाललो. ते कुणी ठरवलं असं विचारलं तर मला आठवत नाही. दोघांनाही ते उघड वाटलं.

लॅबमध्ये आम्ही पेशंटचं एक सीसी रक्त जास्त काढायचं तरी सही घेतो. प्रितीला विचारावं हे मात्र माझ्या मनातही आलं नाही.

दहा आठवड्यांत पाच छापे आले, पाच काटे. मी आकडे मांडले आणि पुन्हा मांडले. मनाच्या आठवड्यांत प्रितीचं उत्तर साधारण चाळीस मिनिटांनी येई. नियमांच्या आठवड्यांत तीन मिनिटांनी. मेसेज दुपटीहून जास्त. फरक इतका स्वच्छ होता की त्यावर गणित करायचीही गरज नव्हती. लॅबच्या गच्चीवर मी राकेशला तक्ता दाखवला. तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं फोन हातात घेऊन तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

“म्हणजे मी जसा आहे तसा कुणाला नकोच होतो,” तो म्हणाला. मग हसून म्हणाला, “चला, कळलं तरी. आता बंद करू या का हे? सगळेच आठवडे नियमांचे करून टाकतो.”

मी म्हणालो, दोन राहिलेत, पुरे करू.

अकरावा आठवडा छाप्याचा निघाला. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघं नळ्या लावत होतो, तेव्हा त्याचा फोन वाजला. प्रितीनं लिहिलं होतं: आज सात वाजता आमच्या घराखाली येशील? दहाच मिनिटं.

राकेशनं एप्रनची बटणं सोडायला सुरुवात केली होती. सातला अजून तीन तास होते.

मी त्याला हा नियमांचा आठवडा असल्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, काहीतरी असेल रे, ती असं बोलवत नाही. मी म्हणालो, महत्त्वाचं असतं तर तिनं लिहिलं नसतं का? आणि मग ते वाक्य म्हणालो, जे त्यानंच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं: “रन चालू असताना पद्धत बदलायची नाही.”

तो एप्रन हातात घेऊन उभा राहिला. मग त्यानं ते परत घातलं. हिशेबानं ठरलेला वेळ गेल्यावर त्यानं लिहिलं, आज नाही जमणार, शनिवारी? एका मिनिटात उत्तर आलं: ठीक आहे. मी तक्त्यात एक मिनिट लिहिलं. त्या आठवड्यातली ती सगळ्यात लहान नोंद होती.

शनिवारी प्रिती आली नाही. फोन उचलला नाही. राकेशनं त्या दिवशी सगळे नियम मोडून अठ्ठावीस मेसेज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. सोमवारी तो लालबागला तिच्या घरी गेला. दारात तिची आई होती. प्रिती घरात नाही, असं म्हणाली आणि त्याला पाणी विचारलं. त्यानं बीपी कसं आहे म्हणून विचारलं. बरं आहे, असं तिनं सांगितलं. तो परत आला.

महिनाभर राकेश कामाखेरीज बोलला नाही. मला तो काही म्हणाला नाही, हे जास्त कठीण होतं. शेवटी मी प्रितीला भेटायचं ठरवलं. दादरला एका क्लिनिकमध्ये ती ऐकण्याची तपासणी करते. मी दुपारच्या सुट्टीत गेलो. तिनं मला ओळखलं. राकेशबरोबर एकदा भेटलो होतो. समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि डबा उघडला. मी सगळं सांगितलं. नियम, नाणं, तक्ता. सांगताना ते जितकं वाईट ऐकू येत होतं तितकं ते होतं.

ती जेवायची थांबली नाही. मग तिनं विचारलं, “गुरुवारी काय आलं होतं, छापा?”

मी हो म्हणालो.

तेव्हा तिनं मला गुरुवार सांगितला. वडील गेल्यापासून तिच्या घरात शब्द मामांचा. ते दोन दिवसांसाठी साताऱ्याहून आले होते, शुक्रवारी सकाळच्या एसटीनं परत जायचे होते. तिनं धीर करून आईला आणि मामांना राकेशबद्दल सांगितलं. मामा म्हणाले, बोलाव, बघू तर. राकेश बावरून जाईल म्हणून तिनं त्याला खालीच गाठायचं, सगळं सांगायचं आणि मग वर न्यायचं ठरवलं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासूनच गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. तो येत नाही हे तिनं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले की कामात असेल बिचारा. मग शर्ट काढून त्यांनी खुंटीला लावला.

मी विचारलं, हे सगळं मेसेजमध्ये का नाही लिहिलं?

“मोठं लिहिलं की त्याचं उत्तर दोन शब्दांत यायचं,” ती म्हणाली. “केव्हातरी लक्षात आलं होतं. म्हणून लहान लिहिलं.”

तिनं तक्ता बघायला मागितला. मी फोन दिला. ती एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. नियमांच्या आठवड्यांपाशी येऊन म्हणाली की या दिवसांत ती झोपत नव्हती. काय चुकलं ते शोधत पुन्हा पुन्हा सगळं वाचायची. क्लिनिकमध्ये फोन मांडीवर असायचा. गुरुवारनंतर हे पुन्हा सोसवणार नाही असं तिला वाटलं, म्हणून शनिवारी ती आली नाही आणि फोनही उचलला नाही.

“आमच्याकडे पेशंटला केबिनमध्ये बसवून हातात बटण देतात,” ती म्हणाली. “आवाज आला की दाबायचं. आम्ही आवाज कमी कमी करत नेतो. काही माणसं इतकी घाबरतात की आवाज नसतानाही दाबत राहतात. त्यांना वाटतं, आपलं राहून जाईल. आम्ही त्याला ऐकू येणं म्हणत नाही.”

मनाच्या आठवड्यांवर बोट ठेवलं तेव्हा तिला जरा हसू आलं. “हा बघा, सत्तर मिनिटं. त्या दिवशी आईला घेऊन मावशीकडे गेले होते. फोन पिशवीत राहिला. काढावासा वाटलाच नाही. तो आहे हे माहीत होतं ना.”

मी म्हणालो, चूक माझी होती, गुरुवारी तो निघाला होता, मी थांबवलं. तो आता असलं काही करणार नाही. त्याला एकदा तरी भेटा.

“मामांचं मी सांभाळलं असतं,” ती म्हणाली. “तेवढ्यानं काही अडलं नसतं. पण आता तो छान बोलला, तरी मला कसं कळणार कुठला आठवडा चालू आहे?” तिनं डबा बंद केला. “त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

दादरहून परळपर्यंत मी चालत आलो. काय सांगायचं हे मला ठरवता येईना. आतापर्यंत राकेशची समजूत अशी होती की त्याचा स्वभाव कामाचा नाही, नियम कामाचे होते, आणि एका गुरुवारी नशीब आडवं आलं. ही समजूत खोटी होती, पण तिच्यात जगता येत होतं. खरं सांगितलं तर त्याला काय गेलं हे पहिल्यांदाच कळणार होतं. आणि नाही सांगितलं तर तो पुढच्या मुलीपाशीही घड्याळ लावून बसणार होता.

रविवारी दुपारी मी घोडपदेवला गेलो. राकेशची आई, कमलाबाई, ओट्यापाशी बोंबील साफ करत होत्या. जेवूनच जायचं हां, म्हणाल्या. हल्ली हा धड जेवत नाही, तू असलास तर दोन घास जास्त खाईल. राकेश खिडकीत बसला होता. मी त्याच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. मामांचा शर्ट, लहान मेसेज, न झोपलेल्या रात्री. मी त्याला अडवलं होतं हेही मोठ्यानं म्हणालो, कारण ते आमच्यात कुणी म्हटलंच नव्हतं. त्यानं मान हलवली, जणू ते जुनं झालं होतं.

“म्हणजे वर्क करतं की नाही करत?” त्यानं विचारलं.

“आपण तिची भीती मोजत होतो,” मी म्हणालो. “ती नियमांनी वाढायची. तू तुझ्या मनानं लिहायचास ना, ते जे आठवडे, तेव्हा ती निवांत असायची. म्हणून उत्तरं उशिरा यायची.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मला दिसलं कधी कळलं ते.

“कुठले कुठले आठवडे ते?” तो म्हणाला.

मी तारखा सांगितल्या. त्यानं फोन काढला आणि मागे मागे जात पहिल्या तारखेपाशी थांबला. मी बाजूलाच होतो, मला दिसत होतं. त्या दिवसांतले तिचे मेसेज मी अनेकदा मोजले होते, वाचले कधीच नव्हते. त्यात काही नव्हतं. पोचले. आईनं आज भाकरी केली. तुझ्या सर्दीचं काय झालं. पडते आता, उद्या बोलू.

“जेवायला बसा रे,” आतून कमलाबाईंची हाक आली.

राकेश आलोच म्हणाला आणि वाचत राहिला, एकेक मेसेज, सावकाश, ओठ हलवत.