तासभर मागे

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री मिनेसोटात हिवाळ्याच्या वेळेसाठी सगळी घड्याळं तासभर मागे घेतात. आर्डिथनं ते काम जेवण होताच उरकलं.

तिच्या नवऱ्याचे, ऑर्विलचे, पाय रात्री स्वस्थ राहत नसत. तीस वर्षं तिनं झोपेत त्याच्या लाथा खाल्ल्या होत्या. हल्ली डॉक्टरांनी त्यावर अफूच्या जातीची गोळी दिली होती. रात्री नऊला एकच. दुसरी घेतली तर श्वास मंदावेल, असं बजावलं होतं.

खुर्चीत पेंगणाऱ्या ऑर्विलनं डोळे किलकिले केले. "नऊ वाजले का गं?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "आत्ताच वाजले. घे ती गोळी नि पड. आज लाथ मारलीस तर गॅरेजात झोपवीन."

"ओंडक्यासारखा पडतो बघ," तो हसला.

खरंच पडला. कित्येक वर्षांनी आर्डिथला गाढ झोप लागली.

उजाडताना तिनं कॉफी ठेवली आणि गोळ्यांची डबी उघडली. शनिवारचा कप्पा रिकामा होता. रविवारचाही. शेजारी त्याचं मनगटी घड्याळ होतं, अजून तासभर पुढेच. त्यातल्या नऊलाही, भिंतीवर आठच वाजले असताना, त्यानं इमानानं गोळी घेतली होती आणि पेंगेत ती विसरला होता.

ती खोलीत धावली, त्याचे पाय गदागदा हलवू लागली.

"ऑर्विल, मार रे लाथ. एक तरी मार!"