उजेडाचा मध्य

आमचे हे फोटोंवरून लघुग्रह नेमका कुठे आहे ते मोजतात, आणि त्या मोजमापावरून मी यानाचा मार्ग आखते. एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर, एकोणीस वर्षं. लोक म्हणतात, काय छान जोडी! लोकांचं काय जातं म्हणायला.

लघुग्रहावर ऊन एकाच बाजूने पडतं. फोटोत दिसतो तो अर्ध्या चंद्रासारखा तुकडा, आणि त्या उजेडाचा मध्य म्हणजे लघुग्रहाचा मध्य नव्हे. फरक दीडशे मीटरचा. तो यांनी दुरुस्त करायचा, कागदावर तशी खूण करायची आणि मग आकडे मला द्यायचे. मागच्या फेरीला यांनी खूण केली, पण दुरुस्ती राहूनच गेली. चार माणसांत शोभा नको म्हणून मी ती गुपचूप माझ्या गणितात करून टाकली. यान बरोबर जागेवरून गेलं. सगळ्यांनी यांची पाठ थोपटली, मीही टाळ्या वाजवल्या.

त्या फेरीत लघुग्रहावर वीस मीटर रुंदीची एक खोल भेग दिसली. आताची फेरी तिच्यासाठीच होती; सहा किलोमीटरवरून तिच्या तळाचे फोटो घ्यायचे. ही शेवटची, कारण पुढे इंधन उरणार नव्हतं.

यांचा कागद आला. त्यावर खूण होती. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यांचं राहिलंच असणार, असं धरून मी मध्य दीडशे मीटर सरकवला.

आज सकाळी चाळीस फोटो आले. सगळ्यांत नुसती सपाट धूळ. मोहिमेच्या प्रमुख बाई पडद्याजवळ गेल्या, परत येऊन खुर्चीत बसल्या. "बारा वर्षं," एवढंच म्हणाल्या.

मी गणित उघडलं. चूक बरोबर दीडशे मीटरची होती.

"अहो, या वेळी दुरुस्ती केली होती तुम्ही?"

"म्हणजे काय? खूण नव्हती का?" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "या वेळी म्हणजे?"

सांगावंच लागलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"मागच्या महिन्यात जुने फोटो बघताना मलाच कळलं, माझं राहिलं होतं म्हणून," ते म्हणाले. "तरी यान नीट कसं गेलं, ते कळेना. नशीब समजलो. म्हणून या वेळी दोनदा तपासलं. सांगितलं का नाहीस गं तेव्हा?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

यान एव्हाना फार पुढे निघून गेलं होतं. ते वळवायला त्यात थेंबभर इंधन नव्हतं. बारा वर्षं मी पाण्यात घातली होती, बाकी कोणी नाही.

यांनी पडदा बंद केला. "आणखी काय काय दुरुस्त केलंस माझं?"

'काही नाही हो' म्हणायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ते तेवढ्यावरून समजले.