शिप आणि शीप
फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून न्येबेस बाई निवृत्त झाल्या. घरात बसून जीव उबगला, तेव्हा त्यांनी जाहिरात पाहिली: परदेशी जाणाऱ्या नर्सेसना उच्चार शिकवायला शिक्षिका हवी. बाई इस्त्रीचा झगा घालून, आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र घेऊन गेल्या. वर्ग चालवणारी मारिफे ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. बाईंना वाटलं, काम झालंच.

मारिफेने खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि इंग्रजी शब्दांचा एक कागद पुढे ठेवला. "सगळ्यांकडूनच वाचून घेते, मॅम. राग मानू नका."

बाईंनी ठसक्यात वाचलं. मारिफेने ते रेकॉर्ड केलं होतं. तिने ऐकवलं.

"यातलं जहाज कुठलं आणि मेंढी कुठली, मॅम?"

बाईंनी पुन्हा ऐकलं. ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही. दोन्ही शब्द एकाच मापाचे.

"तुझं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे," मारिफे हळूच म्हणाली. "लंडनच्या इस्पितळाने फोनवर माझी मुलाखत घेतली होती. मला सांगायचं होतं, तुमच्या गावात राहायची इच्छा आहे. माझं 'लिव्ह' त्यांना 'लीव्ह' ऐकू आलं, म्हणजे गाव सोडायची इच्छा आहे. ते हसले. म्हणाले, अजून आली नाहीस तोच निघालीस? मग फोन ठेवला. तो उच्चार मी सहावीत तुमच्याकडून घोकला होता."

बाईंनी कप खाली ठेवला. "मग येऊन सांगायचंस ना मला."

"आले होते. वर्गाच्या दारातून आपल्या इलोंगो भाषेत हाक मारली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, आधी इंग्रजीत विचार, मग आत ये. मी परत गेले."

बाईंना ते आठवेना. असं कितीजणींना दारातून परत पाठवलं असेल, तेही आठवेना.

"व्याकरणाला माणूस हवंच आहे," मारिफे म्हणाली. "तुमच्यासारखं व्याकरण कुणाचं नाही. फक्त मोठ्याने वाचायचं असेल तेव्हा मुलींना वाचू द्या."

हे दयेनं म्हटलं की सूड म्हणून, ते बाईंना उमगलं नाही. नाही म्हणून उठावंसं फार वाटलं. पण घरी जाऊन करायचं काय? सोमवारी त्या कामावर रुजू झाल्या.

दोन वर्गांमध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे मारिफेच्या मुली एका सुरात शिप-शीप घोकू लागल्या की न्येबेस बाई खडू खाली ठेवतात आणि ते संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसतात. समोरच्या मुलींना वाटतं, मॅम वयानं दमतात.