दफनभूमीतला नळ

त्या मंगळवारी दुपारपर्यंत इव्हों तीन वेळा पाण्यासाठी थांबले होते. मोर्व्हांच्या डोंगराळ फ्रेंच मुलखात सायकलवर हिंडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की गावातली बेकरी दुपारी बंद असेल, कॅफे कायमचा बंद झाला असेल, पण दफनभूमीत नळ असतो आणि त्याला पाणी असतं. मेलेल्यांच्या फुलांसाठी बसवलेला तो नळ जित्यांच्याही कामी येतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

"इथली माणसं कुणाला नाही म्हणत नाहीत," फाटक ढकलत इव्हों म्हणाले. "आणि उगीच प्रश्नही विचारत नाहीत. तुझ्या आईनं शिकवणी लावावी यांच्याकडे."

त्यांची लेक सोलेन हसली. ते एकाहत्तरचे, ती चव्वेचाळीसची. दर जूनमध्ये दोघं आठवडाभर सायकली आणि तंबू घेऊन निघत. घाई करायची नाही, हा एकच नियम.

सायकली भिंतीला टेकवायला ती मागे राहिली. फाटकाच्या गजांतून तिला दिसलं, की ते एका थडग्यावरच्या जिरेनियमच्या कुंडीत आपली बाटली ओतत होते. बाटली काठोकाठ भरलेली होती. मग ते कट्ट्यावर बसले, मूठ छातीवर दाबून धरली आणि बराच वेळ तसेच राहिले. नंतर उठून त्यांनी बाटली पुन्हा भरली.

सोलेनच्या ध्यानात आलं: सकाळपासूनचे थांबे तहानेचे नव्हतेच.

ती आत गेली. तिने पाहिलंय हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे तिला. ऊन फार आहे, असं ते म्हणाले. तिने हो म्हटलं.

संध्याकाळी तंबूसमोर ते छोट्या गॅसवर डबाबंद मसूर गरम करत असताना आईचा फोन आला. ओदीलने आधी नवऱ्याला मोजे धुतले का, टोपी घालतोस का, हे सगळं विचारून घेतलं. मग फोन लेकीकडे मागितला.

"तो मला खरं सांगायचा नाही. तू सांग. बरा आहे ना?"

मसूर ढवळणारा चमचा थांबला. इव्होंनी मान वर केली नाही, पण कान इकडेच होते. एक शब्द पुरला असता. उद्या पहिल्या गाडीने घर, मग डॉक्टर, गोळ्या आणि सायकल कायमची भिंतीला.

"अगं, मलाच मागे टाकतात," सोलेन म्हणाली.

चमचा पुन्हा फिरू लागला.

जेवून झाल्यावर त्यांनी नकाशा पसरला. पुढे दोन वाटा होत्या. एक कालव्याच्या काठाने, सपाट; दुसरी ओकच्या जंगलातून खिंडीवर चढणारी. सोलेनने कालव्यावर बोट ठेवलं.

"बदकं मोजायला आलोय का पोरी, आपण?"

तिने बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या पाठीवर नजर ठेवून चढत होती. खिंड दोन वळणांवर असताना ते उतरले, सायकल नीट गवतात आडवी ठेवली आणि सायकलीशेजारी बसले. सोलेन पोचली तेव्हा ते कलंडले होते. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली, तेव्हा तिचा हात अजून त्यांच्या कॉलरखाली होता.

घरी ओदील येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिली: कुणाला काही कळलं नाही, त्याचं त्यालासुद्धा नाही. त्या वाक्याच्या आधारावर ती उभी होती. सोलेन कप विसळायची.

शुक्रवारी दुपारी, माणसं पांगल्यावर, ओदील नवऱ्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. शवपेटीत घालायचा शर्ट. बाही उलटवताना ती म्हणाली, "रोज फोन करून तुला भंडावलं मी. उगीच संशय घेत होते तुम्हा दोघांवर. मनात ठेवू नकोस."

सोलेनने इस्त्रीचा प्लग काढला.

"आई, बस जरा. मंगळवारीच कळलं होतं मला. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. बाबांना खिंड हवी होती, हे खरं. पण मलाही अजून एक दिवस हवा होता."