पहिलं घर

मालनच्या हातातला वरवंटा डोक्यात दुसऱ्यांदा बसला तेव्हा कुठे जयवंतने तिचे केस सोडले. तो पलंगाच्या लोखंडी पायावर आपटला आणि मग हललाच नाही. मालनच्या फुटलेल्या ओठातून रक्त गळत होतं. साडीवर उडालेलं मात्र नवऱ्याचं होतं.

लालबागच्या त्या चाळीत मालिकांची वेळ होती. जयवंतचा पहिला फटका पडला की शेजारच्या टीव्हींचे आवाज वाढायचे, तसे आजही वाढले होते. सकाळी नळावर "काय गं, पडलीस?" विचारायला हीच मंडळी पुढे. मालनही "मोरीत घसरले" म्हणायची. मनगट मोडलं तेव्हा परळच्या इस्पितळातही तिने हेच सांगितलं होतं.

लेक अनुजा हे बघत मोठी झाली आणि थेट आइसलँडला हॉटेलात कामाला गेली. फोनवर तिकडच्या गमती सांगायची.

"आई, इथे पूर्वी कोणी कोणाला मारलं ना, तर पहिलं घर लागेल तिथे जाऊन स्वतः सांगायचं. लपवलं तर तो नीच खुनी. सांगितलं तरी शिक्षा होतीच, पण निदान नीच नाय ठरायचा. मेलेल्याच्या नातलगांचं घर असलं, तर तेवढं सोडून पुढे जायचं. ते जिवंत ठेवणार नायत म्हणून."

"आमच्याकडे मार खाणारीच लपवते," मालन हसून म्हणाली होती.

आता तिने कडी काढली. ही कडीही रोज तीच लावायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पहिलं घर दीर विकासचं. त्यापुढे कमलाबाईंचं, त्या मायाळू. पाय तिकडे वळलेही. पण मधल्या भिंतीतून इतकी वर्षं सगळं ऐकलं होतं ते विकासने. तिने त्याचंच दार वाजवलं.

"भावोजी, तुमच्या भावाला मी मारलं. ह्या हातांनी. गेला तो."

विकास धावत जाऊन बघून आला आणि त्याने तिला कठड्यावर भिरकावलं, थोबाडीत मारल्या, गळा धरला. मालनने हात वर केला नाही. शेवटी त्याचेच हात गळून पडले. तो रडला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, मोरीत घसरला म्हणून सांगूया. घराची अब्रू जाईल गो."

"नाय. पडायचे ती मी. तो पडला नाय. मी मारलंय त्याला."

हे तिने सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं. एकेका खोलीतला टीव्ही बंद होत गेला.

कमलाबाई तांब्या घेऊन आल्या आणि तिचे हात धुवायला लागल्या. मालनने हात मागे घेतले.

"राहू दे. पोलीस येऊ देत," ती म्हणाली आणि कठड्याला टेकून बसली. मागे तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.