डाव्या वळणावरची वायर

मी एक वायर आहे. हातभर लांबीची, लाल रंगाची; म्हणजे एके काळी लाल. जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या दिव्यातच चावी असते ना, तिथून पेट्रोलच्या टाकीखालच्या कॉइलपर्यंत वीज पोचवायची, एवढंच माझं काम होतं. माझ्यामुळे इंजिनात ठिणगी पडायची. पण मला कुणी कधी पाहिलं नाही. लोक गाडीचा रंग बघतात, टायर दाबून बघतात. वायरची आठवण ती तुटल्यावरच येते.

माझा जन्म एका थंड देशातला. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा पिळून मला बनवलं आणि वर मऊ लाल आवरण चढवलं. गाडीबरोबर जहाजातून मी अलेक्झांड्रियाला उतरले. पहिले मालक जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. ते गाडी रोज फडक्यानं पुसत आणि वळताना हँडल हळू फिरवत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडी दसूकीला विकली.

दसूकी कालव्याकाठच्या गावातला दूधवाला. त्यानं गाडीच्या दोन्ही बाजूंना म्हशीच्या दुधाचे दोन मोठे कॅन लटकवले आणि आमचं म्हातारपण सुरू झालं. ऊन, धूळ, इंजिनाची धग. हँडल उजवीकडे गेलं की मी ताणली जायचे, डावीकडे गेलं की त्याच्या मानेजवळ मुडपली जायचे. आतल्या तारा एकेक करून तुटत गेल्या. वरून मात्र मी धडधाकट दिसत होते. थकलेल्या माणसांचंही असंच असतं, असं मला वाटतं.

दसूकीचा रस्ता जवळजवळ सगळा कालव्याच्या बांधावरून सरळ जायचा. एकच वळण अवघड होतं. मशिदीच्या मागून डावीकडे, अरुंद बोळात. तिथे हँडल पार टोकापर्यंत वळवावं लागे. तसं वळलं की कधीकधी माझ्या उरल्यासुरल्या तारा एकमेकींपासून सुटायच्या आणि इंजिन गप्प व्हायचं. दसूकी उतरायचा, ढकलायचा, हँडल सरळ करून किक मारायचा, की गाडी पुन्हा चालू.

त्या वळणावर सत्तूता मावशीचं दार होतं.

सत्तूता मावशी विधवा होती. दसूकीकडून रोज दूध घ्यायची, त्याचं चीज करायची, ते बोरूच्या चटईत निथळत ठेवायची आणि दारातच विकायची. तिचं पोट त्यावरच चालायचं. तिचे डोळे घारे होते आणि पुढच्या दोन दातांत फट होती. आमच्या गावात अशा चेहऱ्याच्या बाईसमोर कुणी आपलं बाळ उघडं धरत नाही.

सुरुवातीला ती हसायची. "काय रे दसूकी, तुझ्या म्हातारीला माझ्याच दारात बसायला आवडतं वाटतं! चहा पाजू का तिला?"

"पाज की मावशी, साखर जास्त घाल. गोड खाल्लं तर चालेल तरी!"

दोघंही हसायची. मग एका कडक उन्हाच्या दिवशी मी बराच वेळ जुळलेच नाही. गाडी तिच्या दारात उभी राहिली आणि दूध नासलं.

घरी दसूकीच्या बायकोनं, नबवियानं, कॅन उघडून नाक मुरडलं. "कुणाच्या दारात थांबली होती?"

"सत्तूता मावशीच्या."

"मग आणखी काय हवं? घारे डोळे, फटीचे दात! पांढऱ्या दुधाला असली नजर लागली तर ते टिकेल होय?"

तिनं कागदाची बाहुली कातरली आणि सुईनं टोचत नजर लावू शकेल अशा एकेकाचं नाव घेतलं. सत्तूताचं नाव येताच तिनं दोनदा टोचलं. मग बाहुली जाळून तिचा धूर गाडीभोवती फिरवला. शेवटी नजरेवर उतारा म्हणून एक निळा मणी जाड दोऱ्यात ओवून हँडलच्या मानेपाशी बांधला. करकचून. तो दोरा नेमका माझ्यावरून गेला आणि माझ्या आवरणात रुतला. आता वळताना मला जरासुद्धा सरकता येईना. गाडी आधी कधीमधी बंद पडायची, ती आता रोज बंद पडू लागली.

"बघितलंस?" नबविया शेजारणीला म्हणाली. "मण्यालाही जुमानत नाही तिची नजर!"

गोष्ट गावभर झाली. मावशीचं चीज कुणी घेईना. दसूकी भरल्या कॅनवर हात ठेवून तिला म्हणायचा, "मावशी, आज दूध उरलं नाही."

एकदा ती पातेलं घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे हात करून तिनं पातेलं त्याच्याकडे धरलं. "मी बघत नाही रे बाबा. हे बघ, तोंड फिरवलंय. आता तरी ओत."

दसूकीनं ओतलं नाही.

पुढे पुढे गाडीचा आवाज ऐकताच मावशी दार लावून घेऊ लागली. एकदा बंद दाराआडून मी तिचं बोलणं ऐकलं. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "देवा, असेलही. माझ्याच डोळ्यांत काही असेल." मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण वायर फक्त वीज वाहते, शब्द नाही.

अखेर मी जवळजवळ पुरती तुटले आणि गाडी चालूच होईना. दसूकीनं गाडी ढकलत बाजारात गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्ता हिल्मीच्या दुकानात आणली.

"कुठे बंद पडते?" हिल्मीनं विचारलं.

"त्या घारीच्या दारात."

"अस्सं? मग तिलाही घेऊन यायचं होतंस. तिच्याशिवाय मी बिघाड शोधू कसा?"

"थट्टा नको, उस्ता. रोज दूध नासतंय माझं."

हिल्मीनं कॉइलपाशी एक छोटा बल्ब जोडला, चावी फिरवली आणि हँडल सरळ धरलं. माझी टोकं कशीबशी टेकली, बल्ब मिणमिणला. हँडल डावीकडे नेलं. बल्ब विझला. पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे.

"इथे कोण आहे रे घाऱ्या डोळ्यांचं?" त्यानं इकडेतिकडे बघत विचारलं. "मी? तू? का ते भिंतीवरचं कॅलेंडर?"

हिल्मीनं मण्याचा दोरा कापला, माझं आवरण चिरलं आणि आतलं हिरवं पडलेलं तांबं त्याला दाखवलं. "वर्षानुवर्षं मुडपून ही झिजली होती. वरून तुम्ही तिचा गळा आवळलात." मग त्यानं मला काढलं. नवी वायर घातली, सांध्यांना डाग दिला, वर नळी चढवली आणि मानेपाशी तिला थोडी ढील ठेवली, हँडल कितीही वळलं तरी ताण पडू नये म्हणून. एवढी ढील मला कुणी दिली असती तर!

"उस्ता, हे कुणाला सांगू नकोस," दसूकी हळूच म्हणाला.

"मी कशाला सांगू? ते काम तुझं आहे." आणि हिल्मीनं मला दसूकीच्या झग्याच्या खिशात कोंबलं.

गाडी आता बंद पडेना. नबवियानं तोच मणी गाडीच्या आरशाला बांधला आणि सगळ्यांना सांगत सुटली, "मण्यानं शेवटी हरवलं तिला!" गाडी दुरुस्त झाली आणि मावशीवरचा डाग मात्र पक्का झाला. मी खिशात पडून सगळं ऐकत होते. दसूकीचा हात मधूनच आत यायचा, मला चाचपायचा आणि रिकामा परत जायचा.

मग एका सकाळी वळणावर त्याला मावशी दिसली. ती पाणी घेऊन येत होती. समोरून येणाऱ्या बाईनं बाळाचं तोंड पदरात झाकलं. पण त्याआधीच मावशीनं स्वतः डोळे मिटून घेतले होते. ती भिंत चाचपत, आंधळ्यासारखी आपल्या दाराकडे चालली होती.

दसूकीनं चावी बंद केली. "मावशी, थांब."

"मी बघितलं नाही रे! शपथ, नाही बघितलं."

"ते माहीत आहे मला. हात पुढे कर." त्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं. "ही तुटली होती. गाडी हिच्यामुळे बंद पडायची. मला केव्हाच कळलं होतं, पण तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं."

बोळातल्या बायका दारात आल्या होत्या. मावशीनं एक डोळा किलकिला करून मला पाहिलं. माझ्या हिरव्या टोकावरून बोट फिरवलं.

"चालू कर," ती म्हणाली. "आणि वळव. मी बघते."

दसूकीचा चेहरा उतरला. खरं सांगते, त्यालाही भीती वाटली. तरी त्यानं किक मारली आणि हँडल डावीकडे टोकापर्यंत नेलं. मावशीनं दोन्ही घारे डोळे उघडले आणि गाडीवर रोखले. पापणीसुद्धा लवू दिली नाही. इंजिन धडधडत राहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी तिनं नजर हटवली नाही.

"आता बंद कर," शेवटी ती म्हणाली. "पातेलं आणते. काठोकाठ ओत."

सगळ्यांना ते पटलं असं नाही. अजूनही एखादी बाई पदर ओढते. पण मावशी आता दार लावत नाही.

आज मी तिच्या गच्चीवर आहे. बदकांच्या खुराड्याची कडी तुटली आहे, म्हणून तिनं दार माझ्यानं बांधलंय. काम हलकं आहे. कुणी वळवत नाही, कुणी ताणत नाही. मी फार थकले आहे आणि मला इथेच राहू द्यावं, एवढंच मागणं आहे. आणि तुमचं काही बंद पडलं, तर कुणाच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी हँडल एकदा डावीकडे वळवून बघा. आत कुणीतरी तुटत आलेलं असेल आणि ते तुम्हाला हाक मारू शकत नसेल.