रिकाम्या चार चौकटी

तारखांच्या बाबतीत बेफोर्टबाईंशी कुणी वाद घालत नसे. बेफोर्टबाई म्हणजे मीच. सेंट ऑडो गावच्या हायस्कुलात तेवीस वर्षं माझं काम एकच होतं. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी कॉलेजची प्रवेश परीक्षा कोणत्या महिन्यात द्यायची, अर्ज कधीच्या आत टाकायचा, हे ठरवून द्यायचं आणि ते होईपर्यंत त्यांच्या मानगुटीवर बसायचं. भिंतीवर सोसायटीच्या धान्यकोठाराने फुकट वाटलेलं कॅलेंडर आणि त्यावर माझ्या लाल खुणा. अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून मी उलटं मोजत यायचे. एकाही पोराची तारीख माझ्या हातून चुकली नव्हती. म्हणजे व्हेरेना ड्रायलिंगपर्यंत नव्हती.

व्हेरेनाचा बाप ड्वेन, सोसायटीच्या वजनकाट्यावर कामाला. आई गेली तेव्हा धाकटी टेसा आठ वर्षांची होती, आणि तेव्हापासून घर व्हेरेनानेच सांभाळलं. पोरगी हुशार, पण कसला गाजावाजा नाही. तिच्या अंगणात कुंपणाच्या खांबाला पाऊस मोजायची नळी होती. रोज सकाळी सातला ती नळीत किती पाणी पडलं ते बघून हवामान खात्याला कळवायची, नऊ वर्षांची असल्यापासून. आमच्या पश्चिम कॅन्ससात बहुतेक दिवस काहीच पडत नाही. तेही ती कळवायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, शून्य काय कळवायचं? पडला की सांगावं."

"बाई, शून्य पण आकडाच आहे की. नाही कळवलं तर त्यांना वाटेल, मी बघितलंच नाही."

तिला हवामानाचंच शिकायचं होतं. ते शिकवणारं विद्यापीठ राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीने पाच तासांवर. तिथे चारही वर्षांची फी माफ व्हायची, पण अटी होत्या. परीक्षेत छत्तीसपैकी तीस गुण हवेत, आणि तो निकाल परीक्षा मंडळाकडून थेट विद्यापीठात एक नोव्हेंबरच्या आत पोचायला हवा. फी माफ झाली नाही तर जाणं नाही, हे ड्वेनने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, टोपी हातात धरून, खाली बघत. जूनमध्ये व्हेरेनाला अठ्ठावीस पडले होते. दोनच कमी.

"बाई, सप्टेंबरच्या परीक्षेला बसते," ती ऑगस्टमध्ये म्हणाली. "एकदाचं डोकं मोकळं होईल."

"घाई कसली एवढी? ऑक्टोबरला बस. चार आठवडे जास्त मिळतात अभ्यासाला." मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "बारा तारखेला परीक्षा. पंचवीसला निकाल. पुढे आठवडा शिल्लक. मोजून बघ."

तिने मोजलं. हिशेब बरोबर होता.

मग आम्ही दोघी माझ्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला बसलो. फॉर्मच्या शेवटी चार रिकाम्या चौकटी असायच्या. त्यात कॉलेजांची नावं टाकली, की निकाल लागेल त्याच दिवशी मंडळ तो त्यांना परस्पर पाठवायचं, फुकटात.

"इथे विद्यापीठाचं नाव टाकते हं."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आधी आकडा बघायचा, मग पाठवायचा. सव्वीस पडले म्हणजे? आपली शोभा आपणच त्यांच्या दारात नेऊन ठेवायची?"

"पण बाई, सगळे टाकतात म्हणे."

"सगळे म्हणजे कोण? शहरातली पोरं. त्यांचे बाप वकील असतात."

ती हसली आणि पुढचं बटण दाबलं.

हा माझा नियम होता, आणि गावात कुणाला तो वावगा वाटला नाही. आम्ही माणसंच तशी. पीक भरघोस आलं तरी शेजाऱ्याला "बघू, काढल्यावर कळेल" म्हणायचं, आणि वाईट आलं तर खिडकीचे पडदे ओढून घ्यायचे. पण खरं सांगायचं तर माझ्या नियमामागे माझा कर्टिस होता. माझा मुलगा. अंगात ताप असताना तो परीक्षेला बसला आणि मीच हौसेने त्याच्या चौकटी भरून ठेवल्या होत्या. एकोणीस गुण पडले, ते थेट चार कॉलेजांत गेले, आणि चारही ठिकाणांहून नकार आला. पुढच्या वेळी त्याला चांगले पडले असते. पण पुढची वेळ त्याने येऊच दिली नाही. तो तेलाच्या विहिरींवर निघून गेला आणि आता नाताळला फोन करतो, तोही मी जेवायला बसलेली असताना. त्या चौकटींनी माझ्या पोराचं वाटोळं केलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले होते. म्हणून मी दुसऱ्या कुणाच्या पोराला त्या भरू दिल्या नाहीत. बाकीची पोरं जूनला किंवा सप्टेंबरला बसायची, निकाल मागाहून पाठवायलाही वेळ असायचा, आणि कधी काही अडलं नाही.

बारा ऑक्टोबरला परीक्षा झाली. पुढच्या गुरुवारी व्हेरेना माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, चौकटीत नाव टाकायची आज शेवटची तारीख आहे. रात्री बारापर्यंत चालतं. पेपर बरा गेलाय."

"बरा म्हणजे किती?"

"ते कसं सांगू?"

"मग झालं तर. आठवडाभर कळ काढ."

तिने दाराची मूठ सोडली. मग "बरं," म्हणाली आणि गेली.

पंचवीस तारखेला निकाल आला नाही. शनिवार, रविवार गेला. सोमवारीही नाही. मंडळ दोन ते चार आठवडे म्हणतं. मी आपले दोन धरले होते, कारण तेवीस वर्षं दोनच लागले होते. मंगळवारी, एकोणतीस तारखेला, तिसऱ्या तासाला पोरगी धावत आली. शाळेत धावायला बंदी आहे, पण मी ओरडले नाही.

"एकतीस! बाई, एकतीस!"

मी कुणाला मिठी मारणारी बाई नाही. तिला मारली. तिच्या केसांना ज्वारीच्या धुळीचा वास येत होता, काढणीचे दिवस होते आणि शाळा सुटल्यावर ती बापाबरोबर काट्यावर उभी राहायची. आम्ही तिथल्या तिथे निकाल पाठवायचं बटण दाबलं. खाली ओळ आली, पाच ते आठ कामाचे दिवस. तातडीने पाठवायचीही सोय होती, तिथे तीन ते चार दिवस लिहिलं होतं. शुक्रवारी एक तारीख. मी तातडीचं बटण दाबलं.

"होईल ना हो?"

"होईल. मी आहे ना."

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं ताट होतं. बीरॉक्स, आत कोबी आणि खिमा भरलेले पाव, अजून गरम. सोबत ड्वेनची चिठ्ठी. त्याचं अक्षर भयंकर. 'बाई, तुमच्यामुळे झालं. ड्वेन.' ते ताट समोर ठेवूनच मी विद्यापीठाला फोन लावला.

फोनवर एक तरुण होता, बोलायला अगदी नम्र. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"शुक्रवारी पाचपर्यंत निकाल आमच्याकडे आला, तर काहीच अडचण नाही," तो म्हणाला. "नंतर आला तर प्रवेशासाठी धरू, फीमाफीसाठी नाही. पण मॅडम, तिने फॉर्ममध्येच आमचं नाव का नाही घातलं? काल निकाल लागला तेव्हाच आम्हाला मिळाला असता."

"कमी पडले असते तर?"

"तर काय? तिचे आधीचे असतील, नंतरचे असतील. आम्ही त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरतो. लहान आकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"हे कधीपासून?"

"मला नक्की नाही सांगता यायचं. मी आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. बहुतेक सगळी कॉलेजं तेच करतात, मॅडम. लपवण्यासारखं त्यात काही नसतंच."

मी आभार मानून फोन ठेवला. कर्टिसचं कॉलेज ते नव्हतं, पण आता मला कुणी वेगळं काही सांगायची गरज राहिली नव्हती. एकोणीस गुणांनी त्याचं दार बंद झालं नव्हतं. तो पुन्हा बसला असता तर कुणी मागचं काढलं नसतं. 'झालं ते झालं, आता काय तोंड दाखवणार' असं त्याला कोण म्हणालं होतं, तेही मला आठवलं. बीरॉक्स मी शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवले.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना पुन्हा फोन केला. निकाल आलेला नव्हता. तो पुढच्या मंगळवारी पोचला.

त्याआधीच, शनिवारी दुपारी मी ड्रायलिंगांच्या घरी गेले. गाडीत मी वाक्यं जुळवत होते. चूक माझी आहे, ती दोनदा विचारायला आली होती, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं. स्वयंपाकघरात ड्वेन कॉफी ओतत होता, टेसा टेबलाशी गृहपाठ करत होती आणि व्हेरेना सिंकपाशी उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं.

"निकाल वेळेत पोचला नाही, ड्वेन," मी म्हटलं. "फीमाफी गेली."

त्याने किटली खाली ठेवली. "गेली म्हणजे? एकतीस पडलेत की तिला."

"फॉर्ममध्ये विद्यापीठाचं नाव टाकायला हवं होतं. ते..."

"मी विसरले," व्हेरेना म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती बापाकडे बघत होती.

"टाकायचं होतं, बाबा. राहून गेलं माझ्याकडून."

ड्वेन आवाज चढवणारा माणूस नाही. त्या दिवशी चढवला. "विसरलीस? पावसाचा थेंब विसरत नाहीस आणि हे विसरलीस? बाईंनी तुझ्यासाठी रक्त आटवलं! आता काय करशील, वजनकाट्यावर बसशील माझ्यासारखी?" टेसाने गृहपाठाची वही मिटली.

बोलायची वेळ हीच होती. वाक्य जिभेवर होतं, देवाशप्पथ होतं. ड्वेन माझ्याकडे वळला, डोळे भरलेले. "माफ करा बाई. तुमच्या कष्टांवर पाणी पाडलं पोरीने."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जाऊ दे ड्वेन. पोरच आहे. रागावू नकोस तिला."

मी तिला क्षमा केली. माझ्याच तोंडाने.

व्हेरेना मला गाडीपर्यंत सोडायला आली. कुंपणाजवळ पोचल्यावर मी तिचा हात धरला. "हे काय केलंस तू? मी सांगते आत जाऊन. आत्ता सांगते."

"नको, बाई."

"का नको?"

"बाबांचा तुमच्याशिवाय शाळेत कुणावर विश्वास नाही. टेसाचं अजून व्हायचंय. तिलाही तुमच्याकडेच यायचंय ना." तिने नळीवर बसलेली धूळ बोटाने पुसली. मग अगदी सहज म्हणाली, "त्या गुरुवारी रात्री मी घरी नाव टाकलं होतं, बाई. विद्यापीठाचं. मग वाटलं, तुम्ही नको म्हणालात तर काहीतरी कारण असेल. बाराच्या आधी खोडून टाकलं."

ती आत गेली, आणि मी गाडीत बसून राहिले. परत आत जाता आलं असतं. दार उघडंच होतं.

डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, फीमाफी नव्हती. ड्वेनने ते पत्र तरीही फ्रिजवर लावलं, म्हणे प्रवेश तर मिळालाच ना. शाळा संपल्यावर व्हेरेना सोसायटीच्या काट्यावर बसली. ज्वारीचे ट्रक आले की काचेमागून ती वजन लिहून घेते आणि चालकाला पावती देते. मी तिथून जाते तेव्हा ती हात हलवते. मीही हलवते. पाऊस अजून रोज सातला कळवते, असं ऐकलं.

दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये टेसा माझ्यासमोर येऊन बसली. आम्ही फॉर्म उघडला, आणि शेवटी त्या चार चौकटी आल्या.

"यात कॉलेजांची नावं टाक," मी म्हटलं. "चारही भर. एकही रिकामी ठेवायची नाही."

तिने टायपायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "बाई, पण ताई तर म्हणायची, तुम्ही टाकू देत नाही. आधी आकडा बघायचा म्हणून." मग तिने मान वर केली. "ती तर विसरली होती ना?"

बापासारखेच डोळे आहेत तिचे. मी कॅलेंडरकडे बघितलं.

"आता नियम बदललेत," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि पहिल्या चौकटीत विद्यापीठाचं नाव भरलं.